अकरा ओळींचा मेनू

गोळीबार चौकातून तांडापेठेकडे वळलं की डाव्या हाताला एका कापड दुकानाच्या माथ्यावर ‘कुसुम टाइपिंग इन्स्टिट्यूट’ अशी पाटी दिसते. जिना अरुंद आहे. वरून कुणी उतरत असेल तर खालच्याला थांबावं लागतं. वर एकच लांबट खोली, तिच्यात दोन रांगांत मांडलेले बारा कॉम्प्युटर, आणि समोर दाराजवळ कुसुमावती पौनीकर यांची खुर्ची. या खुर्चीवरून विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतात, पडद्यांच्या मात्र फक्त पाठी दिसतात. टाइपरायटरच्या काळात त्याने काही बिघडत नसे, कारण कोण चुकतं आहे हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

त्यांचे वडील नत्थूजी हातमागावर नऊवारी विणायचे. कुसुमावती शाळेतून आली की मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची. मुलीची बोटं चपळ आहेत हे नत्थूजींनी तेव्हाच हेरलं होतं. तिची दहावी झाल्यावर त्यांनी तिला सीताबर्डीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये टाइपिंगला घातलं. मागावर बसून पाठ जाते, मशीनवर बसून निदान नोकरी लागेल, एवढाच त्यांचा विचार. नोकरी काही लागली नाही. लग्न झालं, मधुकरराव शाळेत लिपिक होते, आणि सासरच्या पुढच्या खोलीत चार जुने टाइपरायटर मांडून कुसुमावतीने शिकवणी सुरू केली. त्याला आता चौतीस वर्षं होऊन गेली. नागपुरातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत त्या गेल्या की एखादा तरी बाबू खुर्चीतून उठून ‘मॅडम, तुम्ही?’ म्हणतोच.

पुढे टाइपरायटरची परीक्षा बंद होऊन कॉम्प्युटरची आली, तेव्हा ओळखीतल्या कितीतरी इन्स्टिट्यूट बसल्या. कुसुमावतीबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. त्यांनी टाइपरायटर विकले, बारा कॉम्प्युटर घेतले आणि भूपेश नावाच्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडून ते मांडून घेतले. परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं, म्हणून विंडोज हवंच. पण पोरं पेनड्राइव्ह लावून व्हायरस आणायची, म्हणून रोजच्या सरावाला भूपेशने शेजारीच उबुंटू ही सहसा व्हायरस न लागणारी दुसरी सिस्टिम टाकून दिली. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर एक यादी येई आणि कशात जायचं ते विचारी. सुरुवातीला त्या यादीत दोनच नावं ठळक होती, बाकी एखाददुसरी.

दर वर्षी-दोन वर्षांनी भूपेश यायचा, नवीन काहीतरी टाकायचा आणि म्हणायचा, ‘‘जुनं राहू द्या मॅडम, गरज पडली तर.’’ गरज कधी पडली नाही. जुनं उबुंटू राहिलं, त्याच्या शेजारी नवीन आलं. जुनं विंडोज पुसलं गेलं, पण त्याची ओळ भूपेशने हाताने लिहिली होती, ती तशीच राहिली. मग तो पुण्याला नोकरीला लागला आणि त्याचं येणं थांबलं. यादी अकरा ओळींची झाली.

कुसुमावतीबाईंनी त्यावर आपला उपाय काढला होता. टाइपिंग जसं त्या घोकून घेत, तसाच मेनूही त्यांनी घोकून घेतला. सरावाला काही करायचं नाही, दहा सेकंद थांबायचं. परीक्षेला खालचा बाण पाच वेळा, मग एंटर. दोन-तीन कॉम्प्युटरवर यादी जास्तच लांबली होती, तिथे बाण सात वेळा. त्या पडद्यांच्या कोपऱ्याला त्यांनी ‘७’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. पाच-सहा वर्षं हे चाललं.

फेब्रुवारीत त्यांनी सराव परीक्षा घेतली. खऱ्या परीक्षेसारखीच घ्यायची म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि बोलायला बंदी केली. कामठीहून येणाऱ्या हिमानीला नऊ नंबर आला. हिमानी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. वडील वारल्यावर त्यांच्या जागी कचेरीत अनुकंपा तत्त्वावर लागली होती. ठराविक मुदतीत टाइपिंगचं सर्टिफिकेट दिलं तरच नोकरी टिकणार होती, आणि मुदतीतली ही शेवटची परीक्षा होती. ऑफिस सुटलं की ती थेट इन्स्टिट्यूटला यायची, एक तास बसायची आणि शेअर ऑटोने कामठी गाठायची. हात चांगला होता. बोलायची कमी.

नऊ नंबरवरची चिठ्ठी कधीतरी गळून पडली होती. हिमानीने खालचा बाण पाच वेळा दाबला आणि एंटर मारलं. पडदा निळा झाला, त्यावर आकडे धावायला लागले, एका कोपऱ्यात टक्के वाढू लागले. पेपर लोड होतो आहे असं तिला वाटलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बोलायला बंदी होती आणि कुसुमावतीबाईंना खुर्चीवरून तिचा चेहरा तेवढा दिसत होता. तो शांत होता. वेळ संपल्याची घंटी वाजली तेव्हा कोपऱ्यात एकसष्ट टक्के झाले होते.

बाकीचे आपापल्या उताऱ्यांतले शब्द मोजत होते. हिमानी पर्स उचलून निघाली.

‘‘काहून वं, झाला का पेपर?’’ कुसुमावतीबाईंनी विचारलं.

‘‘नाही मॅडम. मले नाही जमत हे,’’ ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी खोली झाडून घेताना कुसुमावतीबाईंनी नऊ नंबर सुरू केला. सहज पाच वेळा बाण दाबून पाहिला आणि निळ्या पडद्यावर धावणारे आकडे पाहून त्या तिथेच बसल्या. हे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. कॉम्प्युटरची मेमरी तपासायची सोय होती ती. भूपेशने एकदा दाखवली होती. पेपर त्यातून कधीच उघडला नसता.

त्यांनी हिमानीला फोन लावला.

‘‘तुह्यी चूक नव्हती वं. मशीनच भलतीकडे गेली होती.’’

‘‘मॅडम, तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं म्हणून राहिल्या,’’ हिमानी म्हणाली. ‘‘बाकी अकरा जणांची बरोबर उघडली ना? मलेच मशीन समजत नाही. ऑफिसातही सगळे तेच म्हणतात.’’

फोनवर सांगून तिला पटणार नव्हतं. परीक्षेला अठरा दिवस होते.

भूपेशला त्यांनी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

‘‘मॅडम, सोप्पं सांगू का? सगळं फॉर्मॅट मारा, नव्यानं टाका.’’

‘‘फॉर्मॅट मारायले तू येतं का गा नागपूरले?’’

‘‘आता कसा येऊ? दिवाळीत येतो.’’

‘‘मग मले ओळी पुसायले सांग. एक एक सांग, मी लिहून घेऊन राहिली.’’

भूपेश हसला, मग थांबला. लहानपणी याच बाईंनी त्याच्याकडून एक उतारा चाळीस वेळा टाइप करून घेतला होता. नाही म्हणायची सोय नव्हती. ‘‘ऐका,’’ तो म्हणाला. ‘‘नुसती ओळ पुसून भागत नाही. ती ज्याची आहे ते आधी काढायचं, मग यादी नव्यानं बनवायची. यादी एका कमांडनं आपोआप बनते. काही काढलंच नाही, तर तीच ओळ पुन्हा येऊन बसते.’’

दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्यांत त्यांनी वहीची नऊ पानं भरली. कमांड इंग्रजीत, जशीच्या तशी, कुठे जागा सोडायची तिथे लाल पेनाने छोटी फुली. खाली मराठीत तिचा अर्थ. नको असलेली जुनी कर्नल काढणं, मेमरी तपासणीची ओळ बंद करणं, हाताने लिहिलेली जुन्या विंडोजची ओळ खोडणं, जुन्या उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, उडवणं, आणि शेवटी यादी नव्याने बनवणं. ‘कर्नल’ म्हणजे काय ते त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी भूपेशने ‘‘इंजिन समजा’’ असं सांगितलं. वहीत त्यांनी ‘इंजिन’ असंच लिहिलं.

सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचच्या मधे दुपारी तीन तास मिळत. पहिला कॉम्प्युटर साफ करायला ते तिन्ही तास लागले. जुनं उबुंटू उडवण्यापूर्वी त्यांनी ते उघडून पाहिलं. कुणाकुणाचे सरावाचे उतारे होते, दोन नोकरीचे अर्ज होते, एका मुलीने बहिणीला लिहिलेलं अर्धवट पत्र होतं. त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि मग पार्टिशन उडवलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर नवीन उबुंटू, त्याखाली त्याचे इतर पर्याय आणि मग विंडोज, एवढंच आलं. दुसरा दीड तासात झाला. तिसऱ्याला तासही लागला नाही.

चौथ्याला त्यांनी त्याच क्रमाने तेच केलं. पुन्हा सुरू केल्यावर यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर, डावीकडे वर, इंग्रजीत ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे दोन शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

बंद करून सुरू केला. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

भूपेशने फोन कापला आणि मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज टाकला. तेवढ्यात मधुकरराव डबा घेऊन वर आले. पडदा पाहून त्यांना परिस्थिती कळली.

‘‘तरी म्हणत होतो, कायले हात लावून राहिली त्याले? चालत होतं ना सगळं?’’

‘‘चालत नव्हतं,’’ कुसुमावतीबाई म्हणाल्या. ‘‘डबा तिकडे ठेवा.’’

मधुकररावांनी डबा ठेवला आणि ते खिडकीजवळच्या स्टुलावर वर्तमानपत्र उघडून बसले.

कुसुमावतीबाईंना भीती वाटत होती, पण ती बारीक होती. कॉम्प्युटर कायमचा गेला असेल तर अकरा उरतील आणि सकाळच्या बॅचच्या एका मुलीला संध्याकाळी बोलवावं लागेल. त्यापलीकडे काही होणार नव्हतं. त्या शेजारच्या तीन नंबरवर बसल्या, पडद्यावरचे ते दोन शब्द जसेच्या तसे इंटरनेटवर टाकले आणि वाचायला लागल्या. पहिली दोन पानं काही समजली नाहीत. तिसऱ्यावर एका माणसाने साध्या इंग्रजीत सांगितलं होतं: तुमचा मेनू, म्हणजे ग्रब, ज्या पार्टिशनमध्ये राहत होता ते तुम्ही उडवलं आहे, मेनू दुसरीकडेही असेल तर त्याला हाताने वाट दाखवा.

मग त्यांना आठवलं. चार नंबर मागे एकदा बिघडला होता, आणि भूपेशने घाईघाईत तो जुन्या उबुंटूतून दुरुस्त करून सुरू केला होता. म्हणजे या कॉम्प्युटरचा मेनू जुन्यातच राहत होता, आणि जुनं त्यांनी अर्ध्या तासापूर्वी उडवलं होतं.

चार नंबरसमोर बसून त्यांनी दोन अक्षरांची पहिली कमांड टाइप केली. पडद्यावर कंसात पार्टिशनची नावं आली. एकेक नाव घेऊन आत काय आहे ते विचारायचं होतं. पहिल्याला उत्तर आलं, ओळखत नाही. दुसऱ्याला तेच. तिसरं नाव लिहिताना त्यांचा कंस राहिला आणि कमांड चुकली. त्यांनी ती पुन्हा लिहिली, पडद्याकडे बघत, बोटांकडे न बघता. पुन्हा ओळखत नाही. चौथ्याला मात्र फोल्डरांची नावं धडाधड उतरली. त्यांत मेनू ज्यात राहतो ते ‘बूट’ होतं.

त्यानंतर तीन ओळी. कुठे बघायचं ते सांगणारी पहिली, काय उचलायचं ते सांगणारी दुसरी, आणि एकाच शब्दाची तिसरी. त्यांनी तिसरी लिहून एंटर मारलं आणि यादी समोर उभी राहिली.

‘‘आली का?’’ मधुकररावांनी पेपरच्या वरून विचारलं.

‘‘आली.’’

‘‘जेवून घे मग.’’

पण त्या लगेच जेवल्या नाहीत. हे एवढ्यापुरतंच होतं. कायमचं करायला आतून आणखी एक कमांड द्यावी लागणार होती. ती देऊन त्यांनी कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून पाहिला, आणि वहीत लिहिलं: ‘चार नंबर. मेनू जुन्यात राहत होता. यापुढे आधी मेनू नव्यात आणणे, मगच जुनं उडवणे.’ पोळ्या गार झाल्या होत्या. त्या तशाच खाल्ल्या. रात्री भूपेशचा फोन आला, तेव्हा चार नंबर ठीक आहे एवढंच त्या म्हणाल्या. कसा झाला हे त्याने विचारलं नाही.

पुढचे कॉम्प्युटर नव्या क्रमाने झाले. अकराव्याचाही मेनू जुन्यातच होता, पण तो आधी हलवल्यामुळे काही अडलं नाही. नऊ नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला. तो शिल्लक असतानाच त्यांनी हिमानीला रविवारी बोलावलं. फॉर्मवर सही राहिली आहे, असं खोटं कारण सांगितलं. हिमानी आली. सहीचं काही काम नाही हे कळल्यावर ओशाळून उभी राहिली.

‘‘बस तिथं. नऊ नंबरवर. त्या दिवशी केलं तेच कर.’’

हिमानीने पाच वेळा बाण दाबला. आकडे धावायला लागले. तिने मान खाली घातली.

‘‘मान वर कर वं, पाह्य हे. ही मशीन आपली मेमरी तपासून राहिली. हा पेपर नाही. तू तीन तास बसली असती तरी उघडला नसता. इथं सात वेळा बाण मारावा लागत होता. चिठ्ठी पडली होती, मी पाहिली नाही. तुह्यी चूक असती तर मी तोंडावर सांगतली असती. चौतीस वर्षं तेच करून राहिली.’’

हिमानी पडद्याकडे बघत राहिली. ‘‘मग हे इथं ठेवलंच कायले?’’ तिने विचारलं.

‘‘तेच म्हणतो मी. काढ आता.’’

‘‘मी?’’

कुसुमावतीबाईंनी वही तिच्यासमोर उघडी ठेवली. हिमानीने पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर ‘इंजिन’ वाचून ती अडली, तेव्हा कर्नललाच भूपेशने इंजिन म्हटलंय, असं बाईंनी सांगितलं. लाल फुलीशी ती दर वेळी थांबायची आणि जागा सोडायची. एकदा तिने मागे वळून विचारलं, ‘‘हे उडवू ना नक्की?’’ बाईंनी मान हलवली. दीड तासात नऊ नंबर झाला. यादी पुढे आल्यावर हिमानीने त्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि कॉम्प्युटर बंद केला. मग पुन्हा सुरू करून पुन्हा वाचल्या. त्या दिवशी तिने टाइपिंगचा एकही उतारा केला नाही. सोमवारपासून ती रोज यायला लागली.

परीक्षेच्या केंद्रावर मेनू-बिनू काही नव्हता. कॉम्प्युटर सुरूच होते, पेपर उघडाच होता. हिमानी पास झाली, एकसष्ट गुणांनी. तिचा हात पाहता सत्तरच्या वर यायला हवे होते. पत्राच्या मांडणीत गुण गेले. सर्टिफिकेट कचेरीत जमा करून ती पेढे घेऊन आली, पाच मिनिटं बसली आणि ऑटोची वेळ झाली म्हणून गेली. पुढची स्पीडची परीक्षा द्यायला ती आली नाही. नोकरी टिकली होती, आणि घरी कामं होती.

दिवाळीत भूपेश आला. एक कॉम्प्युटर सुरू करून पाहिला, दुसरा पाहिला, मग सगळे बारा पाहिले. वही चाळताना चार नंबरच्या पानाशी तो थांबला.

‘‘हे रेस्क्यूतून तुम्ही काढलं, मॅडम?’’

‘‘मग कोण काढणार? तू मीटिंगमध्ये होता.’’

त्याने मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला.

जानेवारीत भिवापूरहून देवाजी नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची तिथे पाच कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट होती, आणि भूपेशने त्याला बाईंचा नंबर दिला होता. त्याच्याकडे पोरं भलत्याच ओळीवर एंटर मारून बसत. ‘‘तुम्ही फोनवर सांगता का?’’ त्याने विचारलं. कुसुमावतीबाईंनी विचार केला आणि फोनवर नको, मीच येतो, असं म्हटलं. मधुकरराव म्हणाले, एवढ्या लांब? मग स्वतःच गणेशपेठेच्या स्टँडवर जाऊन बसची वेळ विचारून आले.

देवाजीची इन्स्टिट्यूट मिरचीच्या गोदामावर होती. खाली पोती हलली की वर सगळे शिंकत. कुसुमावतीबाईंनी पदर नाकाला लावला, पहिला कॉम्प्युटर सुरू केला आणि यादी मोजली. चौदा ओळी. आधी त्यांनी मेनू कुठे राहतो ते तपासलं. देवाजी मागे उभा राहून बघत होता.

‘‘तुम्ही उभे काहून? खुर्ची घ्या, वही घ्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे मी एकाच मशीनवर करणार. बाकी चार तुम्ही करायच्या.’’

देवाजीचे चार कॉम्प्युटर संपायला साडेचार वाजले. दोनदा त्याची जागा सोडायची राहिली, दोन्ही वेळा बाईंनी बोट ठेवून दाखवली. साडेपाचची बस त्यांना मिळाली. उमरेडपर्यंत त्या उभ्याच होत्या. पुढे खिडकीजवळची जागा रिकामी झाली.